अहो, ती त्याची बहीण निघाली!

अहो वहिनी, जरा इकडं कुंपणापाशी या ना. अशा नाही, आणखी जवळ. जावई वर झोपलेत आणि खिडकी उघडी आहे. ऐकलंत का, काल रात्री आमच्याकडं काय झालं ते? छे हो, भांडण कसलं... म्हणजे भांडणच म्हणा, पण सिनेमावरून.

आमच्या विहीणबाई आल्यात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सहा महिन्यांसाठी. मीही सहा महिन्यांसाठी. एका बेसमेंटमध्ये दोन विहिणी म्हणजे... जाऊ दे, तो विषय नको. तर दारात भोपळे मांडून झाले, पोरांना वाटायची चॉकलेटं आणून झाली आणि नात म्हणाली, आजी, आज 'हॅलोविन' बघायचाच. मुखवट्याचा हो, मायकेल मायर्सचा. जावई म्हणाले, एकच कशाला, दोन्ही लावू. १९७८ चा आणि लगेच १९८१ चा. त्यांचं म्हणणं, पहिला मिळमिळीत आहे, खरी मजा दुसऱ्यात. हे वाक्य लक्षात ठेवा हं, पुढं कामाला येणार आहे.

मी आपली विणकाम घेऊन बसले. म्हटलं, डोळे मिटायची वेळ आली तर टाके मोजता येतील.

आणि वहिनी, पाच मिनिटांत विहीणबाई गप्प! त्या! सुरुवात तुम्हाला आठवतच असेल. १९६३ ची रात्र, कुणीतरी घराभोवती फिरतंय, स्वयंपाकघरातून सुरी उचलतंय, मुखवट्याच्या दोन भोकांतून बघत जणू आपणच जिना चढतोय, आणि वर ती पोरगी केस विंचरत बसलीय. मग रस्त्यावर गाडी थांबते, मुखवटा ओढून काढतात आणि आत कोण? सहा वर्षांचं पोर! विदूषकाच्या कपड्यांत, हातात सुरी. आईबाप ओरडत नाहीत, त्याला जवळ घेत नाहीत, नुसते उभे. कॅमेरा मागं मागं, वर वर जातोय आणि ते तिघं तस्सेच. आमच्या जावयांचा चेहरा अगदी त्या बापासारखा झाला होता. पण कबूल कोण करणार!

रक्त म्हणाल तर जवळजवळ नाहीच. विहीणबाई मिरजेला तीस वर्षं सिस्टर होत्या ना, त्या म्हणाल्या, याहून जास्त रक्त मी एका टेस्टला काढायचे. पण असं म्हणताना पाय मात्र सोफ्यावर घेतलेले. मी बघितलं.

भीती कशाची वाटते माहिती आहे? पंधरा वर्षांनी तोच मायकेल पळून येतो आणि नुसता उभा राहतो. शाळकरी पोरगी लॉरी खिडकीतून मागच्या अंगणात बघते, दोरीवर चादरी वाळताहेत, आणि चादरींच्या मध्ये तो. पुन्हा बघते तर चादरीच. भर उन्हात हो! आणि ते रस्त्याकडेचं झुडपांचं कुंपण... शाळेतून येताना लॉरीला दिसतो, त्याच्याआड सटकतो, मग तिची मैत्रीण अॅनी तरातरा जाऊन डोकावते तर कुणीच नाही. अहो, तुम्ही मागं वळून काय बघताय? आपलं लाकडी कुंपण आहे, आरपार दिसतं.

आणि शेजारी! त्या सिनेमातले शेजारी बघितलेत ना? पोरगी जिवाच्या आकांतानं दार बडवतेय, बाहेरचा दिवा लागतो, कुणीतरी डोकावतं आणि दिवा मालवतं. संपलं. मी तिथंच म्हटलं, आमच्या वहिनी असत्या तर दार उघडून आधी चहाच टाकला असता. खरंच म्हटलं हो, नातीला विचारा.

मग ती लपते ना सोफ्यामागं, आणि विणायची सुई घेऊन खुपसते त्याच्या मानेत! विणायची सुई! माझ्या हातातली खाली पडली. पुढं ती बावळट हातातली सुरी टाकून देते. एकदा नाही, दोनदा. विहीणबाई उभ्याच राहिल्या, "उचल गं ती सुरी!" अख्ख्या बेसमेंटनं ऐकलं, पण तिनं काही उचलली नाही. शेवटी मायकेलचा मनाचा डॉक्टर लूमिस सहा गोळ्या घालतो, मायकेल गॅलरीतून खाली पडतो. डॉक्टर वाकून बघतो तर खाली गवत दबलेलं आणि माणूस गायब. बरं, डॉक्टरच्या चेहऱ्यावर आश्चर्य असावं ना? नाही. जणू त्याला माहीतच होतं. आणि मग रिकामा जिना, रिकामी खोली, अंधारातली घरं, आणि श्वास. फक्त श्वास. सिनेमा संपला, नावं यायला लागली, तरी पाणी आणायला कुणी वर जाईना. फ्रिज वर, आम्ही खाली.

तर काय सांगत होते... हां, मधल्या वेळात चिवडा काढला. आमची नात कॉलेजात सिनेमाचा कोर्स करते ना, तिचं सुरू झालं. अहो, या सिनेमाचं एकूण बजेट तीन-सव्वातीन लाख डॉलर! तीनेक आठवड्यांत उरकला. आणि तो मुखवटा, ज्यानं आमची झोप उडवली, तो दोन डॉलरच्या आतला. 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा, बाजारात मिळायचा तसला. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली, झालं. शूटिंग केलं कॅलिफोर्नियात, तेही वसंत ऋतूत, आणि दाखवायचं काय, तर इलिनॉयमधला ऑक्टोबर. मग पानगळीची पानं आणायची कुठून? रंगवलेली पानं अंगणात पसरायची, शॉट झाला की सगळ्यांनी मिळून गोळा करून पुन्हा पिशवीत. विहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडं गौरीगणपतीची आरास अशीच ठेवतात. आणि लॉरीचे कपडे आपल्या जेसी पेनीतले! सगळे मिळून शंभरेक डॉलरचे. आपण काय वेगळं करतो?

आणि ती पोरगी कोण ते माहीत आहे ना? जेमी ली कर्टिस. पहिलाच सिनेमा तिचा, आठ हजार डॉलर मिळाले. तिची आई जॅनेट ली, 'सायको'त नहाणीत मारली जाते ती. आई १९६० साली किंचाळली, लेक १९७८ साली. घराणंच म्हणायचं! डॉक्टरच्या कामासाठी आधी क्रिस्टोफर लीला विचारलं होतं. तो नको म्हणाला आणि पुढं जन्मभर हळहळला. मग डोनाल्ड प्लेझन्स आला, तोसुद्धा मुलीमुळं. त्याच्या मुलीला म्हणे जॉन कारपेंटरच्या आधीच्या सिनेमाचं संगीत आवडलं होतं. पाच दिवसांचं काम, वीस हजार डॉलर.

थांबा, खरी गंमत पुढंच आहे. हा कारपेंटर दिग्दर्शक, आणि डेब्रा हिल निर्माती. सिनेमा दोघांनी मिळून लिहिलेला. दोघांचं तेव्हा जमलेलंही होतं. पण त्यानं लग्न केलं ते एड्रियन बार्बोशी, १९७९ च्या एक जानेवारीला. आता दुसरी कुणी असती तर तोंड बघितलं नसतं. पण ही डेब्रा! पुढच्या 'द फॉग'ची निर्माती हीच, आणि त्यात काम करतेय कोण? ती बार्बो. आमची लेक म्हणाली, याला प्रोफेशनल म्हणतात, आई. मी म्हटलं, आमच्यात याला वेगळा शब्द आहे.

आणि डेब्रा मूळची कुठली? अहो, आपल्या न्यू जर्सीची! हॅडनफील्ड. फिलाडेल्फियाच्या अलीकडं आहे ना, तेच. सिनेमातलं गाव म्हणून तिनं स्वतःच्या गावाचं नाव देऊन टाकलं, फक्त उचलून इलिनॉयमध्ये नेऊन ठेवलं. हे ऐकल्यावर जावई म्हणाले, आई, रविवारी जाऊ या गाडीनं. मी म्हटलं, तुम्ही जा.

ते संगीतही कारपेंटरनंच केलंय. ते टिंग टिंग टिंग... नको, म्हणत नाही, मलाच कसंतरी होतं. पाच मात्रांचं आहे ते. त्याच्या वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेला ठेका. मी पुण्याला फोन लावून ह्यांना ऐकवलं, तबल्याची हौस आहे ना. हे म्हणाले, अगं, हा तर अर्धा झपताल, समेवर येतोय म्हणेपर्यंत निसटतो. आणि फोन ठेवला. तिकडं सकाळ होती, त्यांना काय भीती!

तर काय सांगत होते... दुसरा. जावयांनी मोठ्या ऐटीत लावला. कारपेंटर आणि डेब्रानंच लिहिलेला, पण दिग्दर्शक वेगळा, रिक रोझेंथाल. या वेळी पैसा भरपूर, पंचवीस लाख डॉलर. त्याच रात्री सुरू होतो, पहिला संपला तिथूनच. पुन्हा तोच प्रसंग दाखवतात, आणि डॉक्टर ओरडत सुटतो, मी सहा गोळ्या घातल्या, सहा! विहीणबाईंनी बोटांवर मोजलं होतं. म्हणाल्या, आवाज सात झाले. जावयांनी मागं नेऊन पुन्हा लावलं. सातच! इथं त्यांचा चेहरा पहिल्यांदा पडला.

एल्रॉडबाईंचा प्रसंग मात्र मला आवडला, खोटं कशाला बोलू. बाई स्वयंपाकघरात नवऱ्यासाठी सँडविच करतेय, नवरा टीव्हीपुढं घोरतोय, बाई त्याच्याशी बोलतेय आणि तो हूं की चूं नाही. तेवढ्यात मागून मायकेल येतो आणि सुरी घेऊन जातो. नुसती सुरी! बाई वळून बघते तर फळीवर रक्त. आमची लेक म्हणाली, नवऱ्याला उठवायला हाच एक उपाय आहे. जावई हसले नाहीत.

पण शेजारच्या घरी ती एकटी पोरगी, बिचारी फोनवर मैत्रिणीशी गप्पा मारत होती, हेच, कुणाचा खून झाला वगैरे, तिला मारतो. का? तर गप्पा मारत होती म्हणून? मला नाही पटलं ते.

पुढं सगळं हॉस्पिटलात, आणि तिथं मग विहीणबाई कसल्या ऐकताहेत! "पेशंट कुठायत?" खरंच हो, एवढं मोठं हॉस्पिटल, सणाची रात्र, तोंडात ब्लेड रुतलेलं एक पोर येतं, चार तान्ही बाळं दिसतात आणि बाकी कॉरिडॉर ओस. दिवेसुद्धा अर्धे. "नाइट ड्युटीला एवढी शांतता मिळाली असती तर मी रिटायरच झाले नसते." तिथला डॉक्टर पार्टीतून झोकून आलेला. आणि एक नर्स ड्युटी सोडून अँब्युलन्सवाल्याबरोबर गरम पाण्याच्या टबात! मायकेल पाणी कढत करतो आणि तिचं तोंड धरून... नको, सकाळी सकाळी नको. विहीणबाईंना मरणाचं काही वाटलं नाही. "ड्युटीवर? टबात?" हेच चाललेलं. मग डोळ्यात सुई, पाठीत चाकू खुपसून वर उचलणं, एका सिस्टरचं सगळं रक्त नळीनं काढून जमिनीवर थारोळं आणि त्यात एकजण घसरून पडतो. विहीणबाई म्हणाल्या, पहिल्यात माझे पाय वर होते, बघा, आता खाली आहेत.

मी विचारलं, हे एवढं रक्त आलं कुठून? तर पुन्हा आपलं न्यू जर्सी! मधल्या काळात, १९८० साली, 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला. ब्लेअरस्टाउनच्या बाजूला, तिथल्या मुलांच्या कॅम्पात शूटिंग झालेला. पहिल्या 'हॅलोविन'चं यश बघूनच त्यांनी तो काढला होता, ते स्वतःच सांगतात. नक्कल हो, पण रक्त बादलीनं. धो धो चालला. मग मूळ मालकांना वाटलं, आपणच मागं राहिलो की काय. रोझेंथालनं केलेला सिनेमा कारपेंटरला मुळमुळीत वाटला आणि त्यानं स्वतः जाऊन रक्ताचे सीन वाढवले. सुनेच्या आमटीत सासूनं तिखट टाकावं तसं. रोझेंथाल बरेच दिवस धुसफुसत होता म्हणे.

बेन ट्रेमर आठवतो का? पहिल्यात लॉरीच्या मनात भरलेला मुलगा. अॅनीनं परस्पर फोन करून त्याला सांगून टाकलं होतं, आणि लॉरी लाजून चूर. बिचारा पडद्यावर दिसतसुद्धा नाही, नुसतं नाव. आम्हाला केवढी उत्सुकता! आणि दुसऱ्यात येतो तो कसा? तसलाच मुखवटा घालून, प्यायलेला. डॉक्टर त्यालाच मायकेल समजून पिस्तूल रोखतो, पोलिसाची गाडी धडकते आणि पोर जळून खाक. त्या स्थळाचं इतकंच झालं. नातीला फार लागलं ते.

आता ऐका, भांडण कुठं पेटलं ते.

गाडीत एक सिस्टर लूमिसला सांगते की सरकारी कागद दाबून ठेवले होते. लॉरी ही मायकेलची धाकटी बहीण, आईबाप गेल्यावर स्ट्रोड घराण्यात दत्तक गेलेली! जावयांनी आमच्याकडं असं बघितलं, जणू बहीण त्यांनीच शोधून काढली. "बघा! आता कारण कळलं ना!" आणि मी, वहिनी, मी म्हटलं, "अहो, नासवलं."

तुम्ही ओळखता मला. गल्लीत नवीन कुणी राहायला आलं की सामान उतरायच्या आत मला हवं असतं, मूळचे कुठले, कुणाचे कोण. नातं लागल्याशिवाय मला जेवण जात नाही. आणि मीच सांगतेय, ही बहीण कळायला नको होती. पहिल्यात लॉरीचं चुकलं काय? वडील घरांचे दलाल, त्यांनी सांगितलं म्हणून त्या ओसाड घरात किल्ली ठेवायला गेली. तो आत उभा, त्यानं बघितलं. बस्स. तुम्ही गेला असतात तर तुमच्या मागं लागला असता, मी गेले असते तर माझ्या. म्हणून तर पाणी प्यायला वर जायची हिंमत होईना! डॉक्टर काय म्हणतो, आठ वर्षं त्या पोराच्या मनात शिरायला घालवली आणि सात वर्षं ते बाहेर सुटू नये म्हणून. एवढं शिकलेल्या माणसाला पंधरा वर्षांत कारण सापडलं नाही. आणि आता म्हणे बहीण. म्हणजे ही घरची भानगड झाली, भाऊबंदकी! माझं त्यांच्याशी काही नातं नाही, मी कशाला घाबरू? मी उठले, सरळ वर गेले आणि फ्रिजमधून पाणी घेऊन आले. दिवा न लावता.

विहीणबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." जावयांचा चेहरा! सख्खी आई सासूच्या बाजूनं! आमच्या लेकीनं मान खाली घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचायला घेतले. नात म्हणाली, भाऊबीजेला ये म्हणावं. मग सगळेच हसले, जावई सोडून.

आणि ही बहीण सुचली कशी, तर कारपेंटरनं स्वतःच सांगितलंय, लिहायला बसला की काही सुचेना, म्हणून रात्री बिअर घेऊन बसायचा. त्यातून ही बहीण निघाली! बरं, ते रहस्य फोडणारी सिस्टर आहे ना, नॅन्सी स्टीव्हन्स, तिचं पुढं लग्न कुणाशी झालं माहीत आहे? त्याच रोझेंथालशी. सिनेमात नातं लावून दिलं, बाहेर स्वतःचं जुळवलं.

अजून एक सांगते आणि सोडते. १९८१ साली पहिला सिनेमा टीव्हीवर दाखवायचा होता, पण तो लांबीला कमी पडायला लागला. म्हणून दुसऱ्याच्या शूटिंगच्या वेळी पहिल्यासाठी दहा-बारा मिनिटांचे नवे सीन केले. त्यात मायकेल पळाल्यावर त्याच्या खोलीच्या दारावर कोरलेलं दिसतं, 'सिस्टर'. नातीनं फोनवर दाखवलं, तर विहीणबाई म्हणतात, "नर्सला हाक मारत असेल." अहो, मला तर तेच जास्त पटलं! आणि त्यातच एक सीन आहे, मैत्रीण लॉरीकडं ब्लाउज उसना मागायला येते, लगेच दुसरीचाही फोन, तिलाही तोच ब्लाउज हवा. लॉरीच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. का? तर तोवर जेमी लीनं केस कापले होते! दुसऱ्या सिनेमात तर सबंध विग आहे. पहिल्यापासून मला त्या केसांचा संशय येत होता, हो.

नाही, सगळं वाईट नव्हतं. लॉरी गुंगीच्या औषधानं लटपटत गाड्यांच्या आवारात रांगत येते, समोर डॉक्टर उतरतोय, आणि तिच्या तोंडून आवाजच फुटत नाही. ते आत जातात, दार लागतं, आणि तेव्हा कुठं किंकाळी निघते. तिथं माझा एक टाका सुटला. पण उरलेला वेळ पोरीला नुसतं खाटेवर निजवून ठेवलंय. पहिल्यात विणायच्या सुईनं लढली ती! शेवटी डॉक्टर गॅस सोडून लायटर पेटवतो, सगळं जळतं, मायकेल पेटलेला चालत येतो आणि पडतो. मेला. मेलाच म्हणा. मेलेल्याला कोण घाबरतंय? पुढं कितीदा उठवलाय त्याला, तो भाग वेगळा.

धंद्याचं म्हणाल तर पहिल्यानं अमेरिकेत चार कोटी सत्तर लाख डॉलर आणले, दुसऱ्यानं अडीच कोटी आणि वर थोडे. आठपट पैसे घालून निम्मी कमाई. आणि २०१८ साली चाळीस वर्षांनी जेमी ली परत आली ना, त्या सिनेमात त्यांनी हे बहिणीचं नातंच पुसून टाकलं. लॉरीच्या नातीच्याच तोंडी घातलंय, ते लोकांनी उठवलेलं होतं म्हणून. आमच्या नातीनं हे सांगितलं तेव्हा जावई "सकाळी मीटिंग आहे" म्हणून झोपायला गेले. रविवार आहे हो आज!

शू... खिडकी हलली वाटतं.

बरं, शनिवारी या तुम्ही. पहिलाच लावणार आहोत, दुसरा मागू नका. चकल्यांचा घाणा काढणार आहे. आणि हे बघा, अंधार पडल्यावर या कुंपणाकडून येऊ नका, पुढच्या दारानं या, आणि बेल वाजवा.